सोनवणेच्या मुलीची लिंक : सोसायटी ग्रुप, नेरूळ

जोशी काका (ए-१०२): आपल्या वॉचमन सोनवणेच्या मुलीच्या ऑपरेशनसाठी पैसे जमवायची तीच लिंक कालपासून चौथ्यांदा आली. मुलीबद्दल वाईट सगळ्यांनाच वाटतं. पण साडेतीन लाखांचा आकडा कोणी दिला आणि पैसे कोणाच्या खात्यात जाणार, हे एकाने तरी सांगा.

मीनल (बी-४०४): काका, लिंकवर सगळं दिलंय. फक्त ७२ तास उरलेत 🙏 प्रत्येकी ५०० तरी टाका.

भोईर (बी-२०१): ताई, ७२ तास परवा पण होते.

सावंत (सेक्रेटरी): भोईर, विषय काय, चाललंय काय.

भोईर: गप बसतो. लिफ्ट पण ७२ तासांत होणार होती 😁

निखिल (सी-५०३): लिंक मी बनवली. सोनवणेने खाजगी हॉस्पिटलचं एस्टिमेट दाखवलं, ते तसंच टाकलंय. भाडेकरूने काही केलं की हिशोब आठवतो. गणपतीच्या वर्गणीचा कोण विचारतं?

सावंत: वर्गणीचा हिशोब नोटीस बोर्डावर लावला होता.

निखिल: दोन दिवस. मग त्यावर पेस्ट कंट्रोलचा कागद आला.

जोशी काका: विषय भरकटवू नका. पैसे कोणाच्या खात्यात?

निखिल: साइटकडून थेट हॉस्पिटलला. बिल दाखवल्यावर.

कुलकर्णी (ए-३०४): मी ५०० भरायला गेलो तर खाली साइटसाठीची टिप आधीच धरलेली. ती शून्य करायला चष्मा लावावा लागला. ८०जीची करसवलत मिळेल का?

सावंत: एका व्यक्तीसाठी दिलेल्या पैशावर नाही. नव्या कररचनेत तर तसंही नाही.

मीनल: मग सोसायटीच्या सिंकिंग फंडातून देऊ ना. पडूनच आहे.

सावंत: उपविधी वाचा मॅडम. तो इमारतीसाठी आहे. आणि तुमचाच मेंटेनन्स दोन तिमाही बाकी आहे, ते वेगळं बोलू.

मीनल: हे ग्रुपवर बोलायची गरज होती का?

शिंदे वहिनी (सी-१०१): त्या मुलीचा नळ्या लावलेला फोटो टाकायच्या आधी तिच्या आईला विचारलंत का कोणी? तिला तो शेजारच्या बिल्डिंगमधल्या पोळ्यावाल्या बाईने दाखवला. काल मुलीची आई कामाला आली नाही. आज आली तर मान वर करत नव्हती.

निखिल: सोनवणेनेच पाठवला. फोटोशिवाय कोणी पैसे देत नाही वहिनी. तुम्ही दिलेत?

डॉ. कामत (सी-३०१): मी रिपोर्ट पाहिला. व्हीएसडी आहे, म्हणजे हृदयातल्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र. मुलगी ४ वर्षांची, वजन वाढत नाही, सारखा न्यूमोनिया होतो. लहान छिद्र कधीकधी आपोआप बुजतं, हे मोठं आहे.

भोईर: डॉक्टर, तुम्ही दातांचे ना?

डॉ. कामत: हो, पण वाचता येतं. आज-उद्याची इमर्जन्सी नाही ही. पण रेंगाळलं तर फुप्फुसांवरचा दाब वाढत जातो आणि मग ऑपरेशनचीही वेळ निघून जाते. ते ७२ तास मात्र काढा तिथून.

मीनल: पैसे जमेपर्यंत थांबायचं का मग? लिंक परत टाकते 👇

डॉ. कामत: मीनल, थांब जरा. खारघरला श्री सत्य साई संजीवनी हॉस्पिटल आहे, लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत करतात. नेरूळहून तिसरं स्टेशन. तिथे नाही जमलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजना. आधी दीड लाखांचं कवच होतं, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड घेऊन त्याच्याकडे जायचं.

जोशी काका: आणि धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के सवलतीत. मी हे मागेही सांगितलं होतं.

भोईर: काका, तुम्ही सगळंच मागे सांगितलेलं असतं.

शिंदे वहिनी: रेशनकार्ड गावाला आहे, जिंतूरला. सासऱ्याच्या नावावर. आणि मुलीची आई विचारते, खारघरला नेलं आणि शेवटी पैसे मागितले तर?

डॉ. कामत: तिथे बिलाचा काउंटरच नाही, सांगा तिला. नंबर लागायला वेळ लागू शकतो. तोवरचं जाणं-येणं, औषधं, दोघांचे बुडालेले पगार, खर्च हा आहे. त्यासाठी पैसे लागतील.

कुलकर्णी: मग लिंकवर जमलेल्या ४१,००० चं काय? ते तर बिलावरच निघणार ना?

निखिल: साइटला मेल करतो. परत देता आले तर देतील.

जोशी काका: म्हणून विचारत होतो, पैसे कोणाच्या खात्यात.

निखिल: 🙏🙏

सावंत: नवीन पैसे वहिनींकडे द्या, त्या आईच्या हातात देतील. रजिस्टरला नाव नको, आकडा लिहा. सोनवणे मंगळवारी खारघरला जाईल. एजन्सी बदली माणसाचे वेगळे पैसे लावते आणि सोनवणेचा दिवसही कापते, म्हणून बदली मागवत नाही.

मीनल: मंगळवारी गेटवर कोणीच नाही? माझं पार्सल यायचंय.

भोईर: ताई 🙏

जोशी काका: १० ते १ मी बसतो खुर्ची टाकून. पण डिलिव्हरीवाल्याला वर सोडणार नाही. ज्याचं पार्सल त्याने खाली येऊन सही करून न्यावं. बी विंगने विशेष लक्ष द्यावं.