फिबोनाचीच्या रेघा आणि माझे 35 हजार

कोथरूडचा_कावळा:
परवा इथे एकाने युरो-डॉलरचा चार्ट टाकला, त्यावर फिबोनाचीच्या रेघा, म्हणजे 1, 2, 3, 5, 8 या मालिकेतल्या (आधीच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढचा) आकड्यांच्या गुणोत्तरांवरून भाव कुठे वळेल ते सांगणाऱ्या: आडवी रिट्रेसमेंट, तिरका फॅन, गोल आर्क, सगळं मारलेलं आणि खाली "निसर्गाचं गणित कधी चुकत नाही". दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. त्याच युरो-डॉलरचं बघा ना. सप्टेंबर 2022 चा तळ साधारण 0.9535, जुलै 2023 चं टोक 1.1275. टोकावरून त्या चढाच्या 38.2 टक्के खाली उतरलं की 1.0610, 50 टक्के उतरलं की 1.0405, रेघा तिथे. ऑक्टोबर 2023 मधे भाव वळला कुठून, तर 1.0450 च्या आसपास. ना धड इथे ना धड तिथे. आणि आर्क म्हणजे तर कहर, एका बाजूला भाव, दुसऱ्या बाजूला दिवस, आणि दोन्हीचं मिळून वर्तुळ! बऱ्याच ॲपमधे चार्ट आडवा ताणला की सपोर्टच (भाव जिथे टेकून वळणार ती जागा) हलतो, माझ्या मोबाईलवर वेगळा आणि लॅपटॉपवर वेगळा. डेक्कनला एका क्लासात 35 हजार भरून हे शिकलोय, म्हणून बोलतोय.

पिप_पाटील:
तो 'एकाने' म्हणजे मी. 1.0450 म्हणजे 50 च्या जेमतेम 45 पिप (0.0045) अलीकडे, त्याला झोन म्हणतात, क्लासात शिकवलं नाही का? हजारो लोक त्याच रेघा बघतात म्हणून तिथे ऑर्डरी लागतात, एवढं साधं आहे.

कोथरूडचा_कावळा:
झोन! पाच रेघा, प्रत्येकीला वर-खाली 3 टक्के सूट, झाली 30 टक्के जागा तुमची. पीएमपीचे स्टॉप इतके जवळजवळ असते तर बंद पडलेली बसपण स्टॉपवरच थांबली म्हणाला असता. आणि 50 फिबोनाचीत कुठून आलं?

पिप_पाटील:
1 भागिले 2. दोन्ही त्याच मालिकेतले.

कोथरूडचा_कावळा:
मग 3 भागिले 5 पण आहे की, 60 ची रेघ का नाही मारत?

निवृत्त_बँकवाला:
मी बरीच वर्षं डीलिंग रूममधे काढली. भोसरीचा एक एक्स्पोर्टर रोज फोन करून विचारायचा, साहेब 61.8 टक्क्यांची रेघ तुटली, डॉलर विकू का. अहो, रुपयाच्या बाजारात रिझर्व्ह बँक स्वतः डॉलर घ्यायला-विकायला उतरली की तुमची रेघ कोण विचारतंय? आणि पाटील, युरो-डॉलर नक्की कुठल्या ॲपवर करता ते एकदा रिझर्व्ह बँकेच्या अलर्ट लिस्टमधे (परवानगी नसलेल्यांच्या यादीत) बघून घ्या, तळ नंतर शोधा.

पिप_पाटील:
काका विषय फिबोनाची आहे, माझं ॲप नाही.

अनुष्टुभ:
फिबोनाची फिबोनाची काय लावलंय. त्याचं पुस्तक 1202 चं, हेमचंद्राने त्याच्या पन्नासेक वर्षं आधी वृत्तातले लघु-गुरू मोजताना हेच आकडे दिलेत, आणि छंदशास्त्रातला विरहांक त्याच्याही आधीचा. चार मात्रांची रचना पाच प्रकारे होते, पाच मात्रांची आठ प्रकारे.

पिप_पाटील:
घ्या! आपलंच ज्ञान आणि आपलेच लोक हसतायत.

अनुष्टुभ:
माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. हेमचंद्राने वृत्तं मोजली, युरो नाही.

हिंजवडी_फेज_दोन:
झालं सुरू, सगळं आपल्याकडे आधीच होतं. विमान राहिलं फक्त.

अनुष्टुभ:
विमानाचं मी बोललो का? शाळेत तीस वर्षं वृत्तं शिकवली, एकाने प्रश्न विचारला नाही, टोमणे मात्र सगळ्यांना येतात. लघु 1, गुरू 2. सहा मात्रा कितीप्रकारे भरतील ते स्वतः मांडून बघा आणि मग तोंड उघडा.

कोथरूडचा_कावळा:
अहो माझा आर्क राहिला बाजूलाच. बरं, फॅनला मी आर्कइतक्या शिव्या देणार नाही. तो भावाच्या बिंदूंमधून जातो, चार्ट ताणला तरी त्याच कँडलवरून (ठरावीक वेळेतला भाव दाखवणाऱ्या पट्टीवरून) जाणार. पण लॉग स्केल (समान अंतर म्हणजे समान टक्के) लावला की तोही घसरतो.

पिप_पाटील:
चला, एवढं तरी पटलं, उपकार झाले. आर्क मी काढतो. तसाही तो फक्त दिसायला बरा होता. 50 काढणार नाही.

कोथरूडचा_कावळा:
ठेवा, ठेवा. 60 ची जागा रिकामी आहे, तीपण घ्या.

हिंजवडी_फेज_दोन:
वाकडच्या चौकात बस अडकली होती म्हणून तिकिटामागे मांडलं. बारा झाले.

अनुष्टुभ:
तेरा. सहाही लघु घेतलेत का?

हिंजवडी_फेज_दोन:
...राहिलं होतं. तेरा.