आतड्यातील जिवाणूंवर प्रतिकारशक्ती हल्ला का करत नाही?

प्रश्न : विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार. माझ्या मुलीला लहानपणी सर्दी-तापासाठी वारंवार अँटिबायोटिक द्यावे लागले आणि आता तिला धुळीची ॲलर्जी असल्याचे निदान झाले आहे. तासगाव तालुक्यातील आमच्या गावी, गोठ्याला लागून असलेल्या घरात वाढलेल्या दिरांच्या मुलांना असा त्रास नाही, आणि सासूबाईंच्या मते याचे कारण ‘ती मुले मातीत वाढली’ एवढेच आहे. बाहेरून आलेल्या जंतूंवर प्रतिकारशक्ती तुटून पडते, असे आपण शाळेत शिकलो. मग आतड्यात असंख्य जिवाणू जन्मभर निर्धास्त कसे नांदतात? आणि त्या जिवाणूंचा ॲलर्जीशी खरोखर संबंध आहे काय?

उत्तर : कोयनातीर (कराड)

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे साधारण आपल्या स्वतःच्या पेशींइतकेच, आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. ते ‘निर्धास्त’ मात्र नसतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर श्लेष्माचे दोन थर असून जिवाणूंची वस्ती बाहेरच्या सैल थरात असते, आतला घट्ट थर जवळजवळ जिवाणूरहित असतो. लहान आतड्यातील पॅनेथ पेशी जिवाणूनाशक प्रथिने सोडतात. शिवाय आयजीए नावाची प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना चिकटणारी संरक्षक प्रथिने, रोज काही ग्रॅम इतक्या मोठ्या प्रमाणात आतड्यात स्रवतात आणि जिवाणूंना चिकटून, दाह न होऊ देता, त्यांना अस्तरापासून दूर ठेवतात. शेजाऱ्याशी वैर नाही, पण बांध कोरू द्यायचा नाही, असा हा व्यवहार आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे हे जिवाणूच प्रतिकारशक्तीला घडवतात. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यातील लसिका ऊती, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची ठाणी, अविकसित राहतात आणि त्यांच्यात आयजीए फारच कमी असते. त्यांना जिवाणू दिल्यावर यातील बरीच उणीव भरून निघते. कोणता जिवाणू काय शिकवतो, हेही काही बाबतींत समजले आहे. उंदरांच्या आतड्यातील एक तंतुमय जिवाणू दाहकारक टी-पेशी (टी-पेशी हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) वाढवतो, तर क्लोस्ट्रिडियम गटातील काही जिवाणू नियामक टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी, वाढवतात. आपल्याला न पचणाऱ्या तंतूंपासून जिवाणू ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात, तेही या नियामक पेशींना पोषक ठरते. या पेशींवरील मूलभूत कामासाठीच शिमोन साकागुची, मेरी ब्रुन्कोव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल मिळाले. ॲलर्जीत नेमका हा आवर कमी पडतो.

उत्तर : अजिंक्यतारा (सातारा)

मी बालरोगतज्ज्ञ आहे. सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या दोन समाजांचे वांशिक मूळ मिळतेजुळते आहे, परंतु आमिश कुटुंबे घराशेजारी गाई राखून पारंपरिक शेती करतात, तर हटराइट यंत्रांनी. २०१६ च्या अभ्यासात आमिश मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे चौपट कमी आढळले, आणि त्यांच्या घरांतील धुळीने उंदरांनाही दम्यासारख्या विकारापासून संरक्षण दिले.

मात्र यावरून अस्वच्छता हितकर ठरत नाही. २०१९ च्या महापुरानंतर दूषित पाण्याचे धोके सांगलीकरांना वेगळे सांगायला नकोत. धारोष्ण दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा जिवाणूजन्य आजार होऊ शकतो, म्हणून दूध तापवूनच द्यावे. अँटिबायोटिकबद्दल स्वतःला दोष देऊ नये. लहानपणीची अँटिबायोटिके आणि पुढचा दमा यांचा संबंध अनेक पाहण्यांत दिसतो, पण ज्यांना श्वसनाचा त्रास मुळातच अधिक, त्यांनाच औषधेही अधिक दिली जातात, त्यामुळे कारण आणि परिणाम वेगळे करणे कठीण जाते. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, एवढे पुढच्या वेळी लक्षात ठेवावे.

विश्रामबागकर

दोघांचेही आभार. मेडिकलमध्ये अँटिबायोटिकसोबत प्रोबायोटिकची पाकिटे देतात; त्यांनी गेलेले जिवाणू परत येतात काय?

कोयनातीर

तसे गृहीत धरू नये. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी काही प्रोबायोटिकांचा उपयोग होतो, पण इस्रायलमधील २०१८ च्या एका प्रयोगात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्या प्रौढांचे मूळ जिवाणू पूर्ववत होण्यास काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उलट अधिक वेळ लागला. तो प्रयोग मुलांवर झालेला नव्हता, म्हणून पाकीट द्यायचे की नाही हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. रोजच्या जेवणात ज्वारीची भाकरी, मटकी, हरभरा आणि भाज्या असाव्यात, कारण ब्युटिरेट तयार करणाऱ्या जिवाणूंचे अन्न त्यांतूनच येते. दही जरूर द्यावे, परंतु विरजणातील जिवाणू सहसा आतड्यात कायमचे वस्तीला राहत नाहीत.