मदत हवी आहे: जीडीएस (वृद्धांची डिप्रेशनसाठीची प्रश्नावली) नॉर्मल, तरी आजोबा चालायला तयार नाहीत

रेघोट्या: रिहॅब वॉर्डातले पेशंट. जखम भरली, जीडीएस १५ पैकी ३, सायकिअ‍ॅट्री म्हणते डिप्रेशन नाही. तरी रोज "आता चालून करायचंय काय?" म्हणत भिंतीकडे तोंड करतात. हा स्पिरिच्युअल डिस्ट्रेस, म्हणजे जगण्याचा अर्थ आणि आधार हरवल्याचा त्रास, असेल का? ओळखायचा कसा? उद्या टीम मीटिंग आहे, लवकर सांगा.

वामकुक्षी: वय? ऑपरेशन कसलं? तुम्ही नर्स की फिजिओ? आधी डिलिरियम (आजारपणात अचानक येणारा गोंधळ, लक्ष न टिकणं) वगळा. त्याचा गप्प, झोपाळू प्रकार हमखास निसटतो. डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायला सांगा. चुकले किंवा दिवसभरात अवस्था बदलत असेल तर कॅम (डिलिरियम ओळखायची चाचणी) करा.

रेघोट्या: ८१, खुब्याचं फ्रॅक्चर. मी फिजिओ. महिने बिनचूक म्हणाले. मूळ प्रश्नाचं बोला ना.

तळटीप: एसडीएटी वापरा, स्पिरिच्युअल डिस्ट्रेस मोजायचं साधन आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने रिहॅबमधल्या वृद्धांसाठीच बनवलंय. आयुष्याचा तोल, आधार देणाऱ्या श्रद्धेशी किंवा गोष्टीशी नातं, मूल्यांची दखल, निर्णयांत सहभाग, स्वतःची ओळख या गरजा बघायच्या. प्रत्येकीला ० ते ३ गुण, ३ म्हणजे गरज अजिबात भागत नाही. कागद समोर धरून विचारलंत तर "सगळं ठीक" एवढंच ऐकाल. गप्पांतून काढा: पूर्वी बळ कशातून मिळायचं, आता मिळतं का?

उंबरठा: त्याला २०-३० मिनिटं लागतात, वॉर्डात कोणाला वेळ आहे? "मन शांत आहे का?" एवढंच विचारा.

तळटीप: ती नुसती चाळणी झाली. कुठली गरज अडलीय ते कळलं नाही तर मीटिंगमध्ये सांगणार काय?

औदुंबर: व्यायामाआधी वेदनाशामक देता का? गोळी अर्धा ते एक तास आधी हवी. दुखण्याच्या धास्तीनेही माणूस असंच बोलतो.

समई: प्रत्येक वॉर्डाला प्रार्थनेची खोली हवीच. दार व्हीलचेअर जाईल एवढं रुंद, आत कुठल्याही एका धर्माचं चिन्ह नको.

वामकुक्षी: खोलीचं कोणी विचारलेलं नाही. देव न मानणाऱ्यालाही हा त्रास होतो, त्यामुळे सुरुवात धर्मापासून नको. रेघोट्या, डिस्चार्ज कुठे?

रेघोट्या: वृद्धाश्रमात. घरच्यांनी ठरवलंय. आजोबांशी कोणी बोललंय असं वाटत नाही.

तळटीप: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! निर्णयांतल्या सहभागाला बहुधा ३ गुण, पण त्यांच्याशी बोलल्याशिवाय देऊ नका. कुठे जायचंय असं त्यांना वाटतं, ते आजच विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर लिहा. "असहकार करतात" असा शेरा नको. आणि उद्या डिस्चार्जचा विषय त्यांना मीटिंगला बसवूनच घ्या.