योगायोग आणि उद्योगातील नवनिर्मिती

नवे उत्पादन काटेकोर नियोजनातूनच जन्मते आणि योगायोगावर विसंबणे म्हणजे नशिबावर हवाला ठेवणे, हे मत मला अपुरे वाटते. १९६८ मध्ये थ्रीएम या अमेरिकी कंपनीत संशोधक स्पेन्सर सिल्व्हर भक्कम गोंद शोधत असताना हाती आला तो हलकेच चिकटणारा, सहज निघणारा गोंद, आणि त्याचा उपयोग कोणालाच सुचेना. तरीही त्यांनी तो टाकून न देता वर्षानुवर्षे सहकाऱ्यांना दाखवला, म्हणूनच चर्चमधील गीतपुस्तकातून खुणेचे कागद निसटल्याने त्रासलेल्या आर्ट फ्राय यांना १९७४ मध्ये तो आठवला. त्याच गोंदाच्या चिकटवता-काढता येणाऱ्या चिठ्ठ्या १९८० मध्ये पोस्ट-इट या नावाने अमेरिकाभर विक्रीस आल्या. गोंद अपघाताने मिळाला हे खरे, परंतु फसलेल्या प्रयोगाविषयी मोकळेपणाने बोलता येणे आणि कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेतील काही भाग स्वतःच्या कल्पनांसाठी देणे, हे कंपनीने जाणीवपूर्वक जपलेले धोरण होते.

आपल्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठीचा नमुना) बनवणारा, ओतकाम करणारा आणि लेथवर काम करणारा हाकेच्या अंतरावर असतात, आणि चहाच्या गाड्यावर एकाची अडचण दुसऱ्याच्या कानावर पडते, हे आपले फार मोठे भांडवल आहे असे मी मानतो. मात्र नासलेले कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, गुपचूप भट्टीत परत टाकले जाते, कारण कामगाराला बोलणी खाण्याची भीती असते. निदान त्यातले चमत्कारिक वाटणारे तुकडे आठवडाभर टेबलावर ठेवून त्यांवर सर्वांनी मिळून चर्चा करावी, अशी माझी येथील कारखानदारांना कळकळीची विनंती आहे.