पहिली फ्लिंटलॉक: मेड इन इंडिया ब्राऊन बेस घेऊ की थांबू?

उसगावचा_पाहुणा
मंडळी नमस्कार. पेनसिल्व्हेनियात राहतो, लँकेस्टरपासून अर्ध्या तासावर. ऑफिसातल्या एका आजोबांनी गेल्या महिन्यात रेंजवर नेलं आणि हातात त्यांची लाँगरायफल ठेवली, .५० कॅलिबर, चकमकीची, म्हणजे फ्लिंटलॉक, गारेने ठिणगी पाडून उडणारी. चाप ओढला तर आधी नुसतं फस्स, नाकासमोर जाळ, मी दचकलो, आणि मग धाडकन बार. गोळी कुठे गेली देवाला ठाऊक. घरी आल्यावर बायको म्हणाली अंगाला लवंगी माळेचा वास येतोय.

तर आता स्वतःची घ्यायचीय. ऑनलाइन ब्राऊन बेस, म्हणजे इंग्रज पलटणींच्या जुन्या मस्केटची नक्कल बघितली, इटालियनच्या जवळपास निम्म्या भावात, आणि गंमत म्हणजे ती आपल्याकडे भारतात बनते! घेऊ का? दुसरं म्हणजे कुडाळजवळ आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर पडून आहे, आजोबा जाऊन चार वर्षं झाली, ती इकडे आणता येईल का?

ठिणगी
ओहायोत बारा वर्षं हेच करतोय त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

आधी ती भारतीय मस्केट. त्यातल्या बऱ्याच बंदुकांना कान पाडलेलाच नसतो, म्हणजे रंजकाचा (बाहेर आधी पेटते त्या चिमूटभर दारूचा) जाळ आत नळीत जायचं भोक. त्यामुळे ती शोभेची वस्तू म्हणून बोटीत चढते आणि इकडे आल्यावर कुणीतरी ड्रिल मारतं. काहींनी त्यातून शेकडो बार काढलेत, खोटं कशाला बोलू. पण इटलीत गार्दोने व्हाल त्रोंपियाला बनणारी प्रत्येक नळी सरकारी प्रूफ हाऊसमध्ये जादा दारू भरून तपासली जाते, तशी ही कुणी तपासलेली नसते. गालापासून चार इंचावर स्फोट होणार असेल तर मी तरी पैसे वाचवणार नाही. शिवाय फ्रिझन, म्हणजे गार जिच्यावर आपटते ती पोलादी पट्टी, मऊ असण्याची तक्रार नेहमीची. आणि ते मऊ असलं की खेळ खल्लास, कारण ठिणगी गारेची नसतेच रे, गार फ्रिझनचं पोलाद खरवडते आणि त्या पोलादाचे कण जळत खाली पॅनमध्ये, म्हणजे रंजकाच्या वाटीत पडतात.

दुसरं, तुला मस्केट हवीय कशाला? आत रेघा नाहीत, नळी .७५ ची आणि गोळी .६९ ची, म्हणजे गोळी नळीत खडखडत जाते. ती पलटणीने रांगेत उभं राहून झाडायची वस्तू. पन्नास यार्डांपुढे नेम धरणं म्हणजे नवस बोलणं. आणि तू राहतोस कुठे? लँकेस्टरला! अठराव्या शतकात जर्मन आणि स्विस लोहारांनी आपली आखूड जाड येगर रायफल लांबवत लांबवत लाँगरायफल केली ती त्याच भागात. पंढरपुरात राहून विठोबा ऑनलाइन मागवतोयस.

काळी दारू खरीच घे, नळीत थ्रीएफ, पॅनमध्ये त्याहून बारीक दाण्याची फोरएफ. पायरोडेक्ससारखी बदली पावडर पेटायला जास्त उष्णता लागते, चकमकीवर ती हमखास दगा देते. पॅन अर्ध्याहून कमी भर, काठोकाठ भरलंस तर बार आणखी उशिरा होतो. शिंगातून थेट नळीत दारू कधीच ओतायची नाही, आत निखारा राहिला असेल तर अख्खं शिंग हातात फुटेल, आधी मापात घ्यायची मग ओतायची. गोळी पॅचसकट (तिच्याभोवतीच्या कापडाच्या तुकड्यासकट) दारूवर टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू शकते, म्हणून गजावर खूण करून ठेव. बार नाही झाला तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान मिनिटभर थांब. आणि फस्स झाल्यावर दचकायचं नाही, नेम तसाच धरून ठेवायचा, हे शिकायलाच मला एक वर्ष गेलं.

त्याच दिवशी गरम पाण्याने धू, ती काजळी हवेतलं पाणी ओढते. मी एकदा उद्या करू म्हणून झोपलो आणि सकाळी नळी गंजून लाल. अजून ते डाग जात नाहीत.

कायद्याचं म्हणशील तर फेडरल नियमात १८९८ किंवा त्याआधीची, किंवा तशीच नक्कल केलेली ठासणीची बंदूक फायरआर्म धरत नाहीत, पण शेजारच्या न्यू जर्सीत तसं नाही, पूल ओलांडण्याआधी वाच. तुमच्याकडे नाताळनंतर हरणांचा फक्त फ्लिंटलॉकचा सीझन असतो, १९७४ पासून, तेव्हा शिकवणारे पैशाला पासरी मिळतील. सवड काढून इंडियानातल्या फ्रेंडशिपला पण जाऊन ये, ठासणीच्या बंदूकवाल्यांच्या १९३३ साली निघालेल्या राष्ट्रीय संघटनेचं मैदान आहे, तिथे लोक जुन्या बंदुका हाताळायला देतात.

तळकोकणी
आज्याची बंदूक थंयच रवांदे रे बाबा!

मस्करी बाजूला. शेतीसंरक्षणाचं लायसन आजोबांच्या नावावर, ते गेले म्हणजे ती बंदूक आता कुणाचीच नाही, आणि माळ्यावर ठेवणं म्हणजे विनापरवाना शस्त्र. पोलीस ठाण्यात जमा करायची आणि वारसाने आपल्या नावावर लायसन मागायचं. आमच्या वाडीत एकाने हयगय केली, मग चकरा मारता मारता चपला झिजल्या. शिवाय आमच्याकडच्या बहुतेक ठासणीच्या बंदुका टोपीवर (घोडा आपटला की पेटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीवर) उडतात, चकमकीच्या नाहीत, तेव्हा तुझ्या छंदाला तिचा उपयोग पण नाही. रानडुकरं हाकलायला ठीक.

जुनापुराणा
पुण्याहून. वरच्यांशी सहमत, एवढीच भर की बंदूक शंभर वर्षांपेक्षा जुनी निघाली तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो आणि मग ती देशाबाहेर नेताच येत नाही. अगदी निकामी, दुरुस्तीनेही न उडणारी असेल तर १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे, पण ते आपलं आपण ठरवायचं नसतं. मी स्वतः उडवत नाही, फक्त चाप, म्हणजे ठिणगी पाडणारी अख्खी कळ, जमवतो, त्यातले दोन कंपनी सरकारच्या इंडिया पॅटर्नच्या ब्राऊन बेसचे, आणि बायको त्यांना अडकित्ते म्हणते. उत्तर पेशवाईत महादजी शिंद्यांच्या, द बॉयन या युरोपीय सेनानीने उभ्या केलेल्या पलटणी चकमकीच्या बंदुका वापरत होत्या, आग्र्याला कारखाना होता, तसला एखादा चाप कधी हाती लागला तर इथे फोटो टाकीन.

उसगावचा_पाहुणा
सगळ्यांचे आभार. बाबांना फोन केला. बंदूक माळ्यावर नाहीच! मागच्या निवडणुकीला काकाने ठाण्यात जमा केली ती परत आणायला कोणी गेलंच नाही. आता काका अर्ज करतोय.

मस्केट रद्द. ऑफिसातले आजोबा म्हणाले वर्षभर माझीच वापर, दारू आणि गारा तुझ्या. गारा कुठल्या घेऊ, इंग्लंडच्या काळ्या की फ्रान्सच्या मधाच्या रंगाच्या?

ठिणगी
काळ्या. अर्धा डझन घे, चामड्यात गुंडाळून आवळ, आणि दोन त्या आजोबांना दे.