गुडघ्यांसाठी हळद-शल्लकीच्या गोळ्या, आईला देऊ का?

महालकर_७७:
आई ६६ ची, दोन्ही गुडघ्यांची झीज, एक्सरेत गॅप कमी झाली म्हणे. जिना उतरताना एका बाजूला वळून, भिंतीला हात लावून एकेक पायरी उतरून राहिली, बघवत नाही. शेजारच्या काकूंनी ९०० ची बाटली आणून दिली, महिनाभरात फरक म्हणतात. हळदीचं दूध तर ती रोजच घेते, मग गोळ्या काऊन? बीपीची गोळी चालू आहे, आणि मागच्या वर्षी स्टेंट टाकला तेव्हापासून रक्त पातळ करायची पण.

इतवारीचा_किराणा:
भाऊ, दुधाने काही होत नाही. हळदीतलं कामाचं द्रव्य म्हणजे करक्युमिन, ते जेमतेम ३ टक्के, म्हणजे चमचाभर हळदीत शंभरेक मिलिग्रॅम, अन् तेही अंगी लागत नाही म्हणून गोळ्यांमध्ये मिरीचा अर्क टाकतात. आपल्या वायगावच्या हळदीत जास्त असतं, पण दूध ते दूधच. शल्लकी म्हणजे आपली मेळघाटातली सालई, तिचा डिंक. बाबांना ३ महिने दिली, थोडं बरं वाटलं, पण त्याच काळात त्यांनी सकाळची जिलबी सोडली अन् वजन उतरलं, आता श्रेय कोणाला द्यायचं?

बर्डीची_फिजिओ:
थांबा बाप्पा, स्टेंट कोणी वाचलं की नाही? रक्त पातळ करायच्या गोळीसोबत करक्युमिनच्या जास्त डोसने रक्तस्राव व्हायची भीती असते, कार्डिओला, म्हणजे हृदयाच्या डॉक्टरला, दाखवल्याशिवाय बाटली उघडूच नका. हळदीच्या गोळ्यांनी लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस पण आहेत. शल्लकीवर अभ्यास आहेत, दुखणं थोडं कमी झालेलं दिसतं, पण बहुतेक छोटे अन् थोड्या दिवसांचे. उद्या कोणी ग्लुकोसामाइन, सांध्यांसाठी विकतात ती गोळी, आणून देईल, तेही सांगून ठेवते, २००६ मध्ये अमेरिकेत १५८३ जणांवर करून पाहिलं, एकूणात खोट्या गोळीपेक्षा सरस निघालं नाही.
आईला पाय लांब करून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून दोनदा. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने कमी होतो.

महालकर_७७:
बाटलीवर स्टेंटबिंटचं काहीच नाही, नुसतं १०० टक्के नॅचरल लिहून आहे. बाटली कपाटात टाकली, सोमवारी कार्डिओकडे नेतो. टॉवेलचं आत्ताच केलं, तिसऱ्यांदा दाबताना आई म्हणे कुकरची शिट्टी झाली, उठू दे. काकू मात्र रोज विचारून राहिल्या, फरक पडला का.

इतवारीचा_किराणा:
पडला म्हणून सांग, नाहीतर दुसरी बाटली आणतील 😄