'पाठ करणे', 'म्हणणे' की 'गाणे'? नितनेमाच्या एका वाक्यावरून

अनुवादिका

नांदेडमधील एका संगीतवर्गासाठी मी एका छोट्या पुस्तिकेचे पंजाबीतून मराठीत भाषांतर करीत आहे. या वर्गात पहाटेच्या शीख प्रार्थना शिकवतात; रोज नेमाने करायच्या प्रार्थनांना नितनेम म्हणतात. मराठी शाळेत शिकलेली शीख घरांतील मुले तेथे येतात, आणि माझ्यासारख्या दोन-तीन मराठी बायकाही पेटी घेऊन बसतात. पहिल्याच पानावर एका विद्यार्थ्याच्या तोंडी वाक्य आहे : 'मैं रोज़ सवेरे जपुजी साहिब दा पाठ करदा हां.' जपजी साहिब ही पहाटेची शीख प्रार्थना. मी सरळ लिहिले, 'मी रोज सकाळी जपजी साहिब पाठ करतो.' ते वाचून माझ्या सासूबाईंनी विचारले, 'रोज पाठ करतो आणि रोज विसरतो की काय?' हसू आले, पण अडचण खरी आहे. पंजाबीत ज्याला पाठ म्हणतात ते श्रद्धेने केलेले वाचन किंवा पठण असते, ग्रंथ समोर असो वा नसो. आपल्याकडे मात्र 'पाठ करणे' म्हणजे घोकून तोंडपाठ करणे. 'पठण' कोरडे वाटते, आणि 'पारायण' म्हटले की सप्ताह आणि मांडव डोळ्यांसमोर येतो. काय लिहावे?

व्याकरणप्रेमी

ताई, तुमच्या वाक्यात फक्त 'चा' राहून गेला आहे. 'सप्तशतीचा पाठ करतो' असे आपण म्हणतो, तेव्हा कोणालाही घोकंपट्टी आठवत नाही. 'सप्तशती पाठ करतो' म्हटले की मात्र आठवते. षष्ठी आली की पाठ हे नाम राहते आणि पठणाचा अर्थ देते. ती गेली की 'पाठ करणे' हे संयुक्त क्रियापद होते आणि अर्थ स्मरणाकडे वळतो. मूळ पंजाबी वाक्यातील 'दा' तुम्ही गाळलात, इतकेच. 'जपजी साहिबचा पाठ करतो' असे लिहा आणि निश्चिंत व्हा.

गोदाकाठ

व्याकरण ठीक आहे, पण नांदेडच्या आमच्या शीख घरांत मराठी बोलताना 'जपजी म्हटली का?' असेच विचारतात. मी स्वतः लहानपणापासून तेच ऐकले आहे. मराठीत 'म्हणणे' हे फार सोयीचे क्रियापद आहे. आरती म्हणतात, पाढे म्हणतात, गाणेही म्हणतात. बोलणे आणि गाणे यांच्या मधली जागा त्याने व्यापली आहे, आणि बाणीचा, म्हणजे शीख धर्मग्रंथांतील रचनांचा, पाठ नेमका त्याच जागेत बसतो, कारण तो सपाट वाचनही नसतो आणि बैठकीतले गाणेही नसतो. हरिपाठातच 'हरि मुखें म्हणा' आहे. शिवाय 'हरिपाठ' या शब्दात तुम्हाला हवा असलेला पाठ जिवंत आहे, त्याकडे कोणाचे लक्ष कसे गेले नाही?

शुद्धलेखनी

'म्हणणे' बोलीत चालेल, छापील पुस्तकात ढिले वाटते. तेथे 'पठण' हाच नेमका शब्द आहे. तसेच 'नितनेम' असे न लिहिता 'नित्यनियम' लिहावे. अपभ्रष्ट रूपे मराठीत आणण्याची गरज नाही.

गोदाकाठ

'नेम' अपभ्रष्ट असेल तर 'नित्यनेम नामीं ते प्राणी दुर्लभ' हेही दुरुस्त करून घ्या. तो ज्ञानदेवांचा हरिपाठ आहे.

व्युत्पत्तीवेडा

येथे एक मुद्दा मांडतो. 'नेम' हा शब्द 'नियम'चा नसून फारसी 'नीम', म्हणजे अर्धा, याच्याशी जोडलेला असावा, कारण पहाट म्हणजे अर्धी रात्र, अर्धा दिवस.

व्याकरणप्रेमी

आणि नेमबाजी म्हणजे अर्धी बाजी? फारसीच हवी असेल तर 'अरदास', म्हणजे शिखांची विनवणीची प्रार्थना, घ्या. ती 'अर्जदाश्त'वरून आली आणि आपला 'अर्ज' तिचा सख्खा नातेवाईक आहे. 'नेम'ला 'नियम' पुरतो.

अनुवादिका

सर्वांचे आभार. 'चा' मला पटला आहे, पण त्याने अर्धेच काम होते. पुस्तिकेचा विषय प्रार्थना गायला शिकणे हा आहे, आणि पहाटेच्या सगळ्याच प्रार्थना गात नाहीत. शीख रहित मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, पहाटेसाठी जपु (म्हणजेच जपजी), जापु आणि दहा सवैये या रचना सांगितल्या आहेत. अनेक घरांत त्यांना चौपई आणि आनंद साहिब यांची जोड असते. यांचा रोज पाठ होतो. अडतीस पौड्यांच्या (कडव्यांच्या) जपजीला गुरु ग्रंथ साहिबात राग नेमून दिलेला नाही. 'आसा दी वार' मात्र आसा रागातली आहे आणि पहाटे रागी, म्हणजे गुरुद्वारातले गायक, ती पेटी-तबल्यावर गातात. तेथे 'वारीचा पाठ करतो' लिहिले तर मराठी वाचक थेट पंढरीला जाईल. एकाच वाक्यात दोन्ही सांगायचे असेल तर काय करावे?

रियाजी

मी वर्षभर पहाटे 'आसा दी वार' शिकत आहे, म्हणून अनुभवावरून लिहितो. वार म्हणजे मुळात वीराची कथा सांगणारे गीत, आपल्या पोवाड्याचे पंजाबी भावंड. तिच्या आरंभी 'टुंडे अस राजै की धुनी' असे लिहिलेले आहे, म्हणजे त्या राजाच्या वारेची चाल घ्यावी अशी सूचनाच आहे. रणगीताची चाल पहाटेच्या भक्तीला द्यावी, ही कल्पना मला अजूनही विलक्षण वाटते. तिच्या चोवीस पौड्या आहेत, आणि पौडी म्हणजे पायरी. आमचे शिकवणारे ग्यानीजी पौडीच्या आधीचा सलोक (श्लोक) मोकळा, तालाविना म्हणवून घेतात आणि पौडी तालात बसवतात. त्यामुळे मी घरी सांगताना 'सलोक म्हणतो आणि पौडी गातो' असे सांगतो. दोन क्रियापदे लागतात, तर दोन वापरावीत.

माझी खरी फजिती मात्र उच्चारात झाली. आसा रागातच नामदेवांचा शबद, म्हणजे गुरु ग्रंथ साहिबातले पद, आहे, 'ईभै बीठलु ऊभै बीठलु'. मी ज्ञानेश्वरीच्या सवयीने, 'देवा तूंचि गणेशु, सकलमतिप्रकाशु' म्हणतो तसा, 'बीठलु'तला उकार ठसठशीत म्हटला. ग्यानीजींनी पेटी थांबवून सांगितले, 'लिहिलेला आहे, म्हणायचा नाही.' विठ्ठल आमचा आणि उच्चार मात्र चुकला!

व्याकरणप्रेमी

हा शेवटचा उकार प्रथमेच्या एकवचनी पुल्लिंगाची खूण आहे आणि जुन्या मराठीप्रमाणे गुरुबाणीतही तो अपभ्रंशाच्या वाटेने आला. आपण ओवी म्हणताना तो टिकवला. गुरुबाणीच्या रूढ पाठात तो लिपीत राहिला आणि व्याकरण सांगण्यापुरता उरला. म्हणून 'आदि सचु' लिहितात आणि 'आद सच' म्हणतात. त्याच शबदाच्या आरंभी 'आनीले कुंभ भराईले ऊदक' आहे, त्यातील 'आनीले' आपल्या 'आणिले'च्या किती जवळचे आहे हे पाहा. ग्रंथ साहिबात नामदेवांचे एकसष्ट शबद आहेत, पण तेथे त्यांना कोणी अभंग म्हणत नाही, हेही अनुवादात सांभाळावे लागेल.

गोदाकाठ

घागरीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. देवाला स्नान घालायला घागर भरून आणली, पण त्या पाण्यात बेचाळीस लाख जीव आहेत, मग विठ्ठलाला न्हाऊ कसे घालू, असे नामदेव त्या शबदात विचारतात. आमच्या हजूर साहिबात, म्हणजे नांदेडच्या गुरुद्वारात, तख्ताच्या स्नानासाठी गोदावरीचे पाणी पहाटेपूर्वी घागरीतूनच येते. लहानपणी मला वाटे, हा शबद आमच्याच घाटावर रचलेला असणार.

शुद्धलेखनी

मग पुस्तिकेत देवनागरीत छापताना उकार ठेवणार की काढणार? जसे म्हणतात तसे छापले नाही, तर मराठी वाचक चुकीचेच शिकेल.

रियाजी

काढला तर ती बाणी राहणार नाही. त्यातले एक अक्षरही बदलत नाहीत. उच्चार गुरूकडून घ्यायचा असतो, छापखान्याकडून नव्हे.

शुद्धलेखनी

ज्या गावात गुरू नाही तेथे काय करावे?

व्युत्पत्तीवेडा

पहाटेच्या वेळेला शीख 'अमृतवेला' म्हणतात, त्याचे काय ठरले? 'ब्राह्ममुहूर्त' नको, पण 'अमृतवेळ' लिहायला हरकत नसावी. पंजाबी बोलणाऱ्यांच्या तोंडी तेथे 'ळ'च ऐकू येतो. या वेळी माझे चुकले नाही, असे वाटते.

अनुवादिका

पुस्तिका परवा छपाईला जाते, म्हणून तूर्त असे केले आहे : 'मी रोज पहाटे जपजी साहिबचा पाठ करतो आणि आसा दी वार गायला शिकतो.' 'नितनेम' तसाच ठेवला आहे, 'बीठलु'चा उकारही ठेवला आहे, आणि तळटीप दिली आहे की येथे 'पाठ' म्हणजे पाठांतर नव्हे.

गोदाकाठ

ताई, तळटीप माझ्या आईला वाचून दाखवली. तिला अक्षरओळख नाही. रोज ऐकून आणि म्हणून अडतीसच्या अडतीस पौड्या तिला पाठ आहेत. तिचे म्हणणे आहे की तळटीप काढून टाका.